बिनचाकांची गाडी

कड्याकाठच्या रस्त्यांवर जन्मभर ट्रक चालवलेला इलारियो आज बोलिव्हियातल्या ला पाझच्या रोपवेपुढे दारूची बाटली घेऊन अडून बसला. खाली शहरात नातीचा बाप्तिस्मा होता.

"धरणीमातेच्या नावानं चाकांवर दारू शिंपडल्याशिवाय मी निघत नाही. आणि याला चाकंच नाहीत! ड्रायव्हरसुद्धा नाही!"

"चला हो, पाद्रीबाबा खोळंबलेत," म्हणत बायकोने, बासिलियाने, त्याला आत ढकललं. डबा दरीवर तरंगला.

"बासिलिया, माझ्या हातात काहीच नाही गं!"

"तुमच्या ट्रकमध्ये माझ्या हातात तरी काय असायचं? ही जपमाळ." तिने ती त्याच्या मुठीत कोंबली. "आज तुम्ही डोळे मिटून जपा. मला जरा डोंगर बघू द्या. तुमच्या शेजारी बसून कधी दिसलेच नाहीत."