जड नाव

"पुढची!" नर्सबाईंनी हाक मारली, आणि नेमकी तेव्हाच पोर वुरीच्या खांद्यावर भडाभडा ओकली.

ओसरीवर बाळांच्या वजनासाठी लागलेल्या रांगेतल्या बायका खो खो हसल्या. "गेलं! पावशेर तिथंच गेलं गं!" मागून कुणीतरी ओरडलं.

वुरीने फडकं उलटं करून पोरीची हनुवटी टिपली. घासली नाही. घासलं की इसबाची कातडी सोलायची. पाच महिन्यांच्या त्या जिवाच्या हातांत मोजे होते, खाजवून गाल फोडू नयेत म्हणून.

"पाहिलंस?" शेजारी उभी असलेली तिची सासू, जिला सगळेच म्बोक, म्हणजे आई, म्हणायचे ती म्बोक राकेम, हळू आवाजात म्हणाली. "आज मुदत भरली बरं का. चार आठवडे तुझे होते."

"माहितेय मला, म्बोक."

"तांदूळ भिजत घालून आलेय मी. संध्याकाळी लाल-पांढरी खीर, चार घरं जेवायला, आणि पोरीचं नाव पाइनेम. माझ्या आईचं नाव. ब्याऐंशी वर्षं जगली ती."

पोरीचं नाव दयिंता महाराणी. बापाने मासेमारीच्या बोटीवरून फोन करून ठेवलेलं. म्बोक राकेमचं म्हणणं एकच : एवढंसं लेकरू, त्याला एवढं जड नाव पेलत नाही, म्हणून पोटात काही ठरत नाही आणि अंगावर फुटतं. नर्सबाईंचं म्हणणं वेगळं होतं. वुरीने स्वतः गाईचं दूध पिणं बंद करून बघावं, तेच अंगावरच्या दुधातून पोरीला बाधत असावं. बाळाला पाजणं चालूच, पण आईने दुधाचा थेंबही घ्यायचा नाही. साबण बंद, आणि आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मलम. चार आठवडे. तेवढीच मुदत म्बोकने दिली होती; तोवर पोरीचं वजन वाढलं नाही तर नाव बदलायचं.

आणि वुरीला रोज दोन पेले दूध कालवून देणारी म्बोक राकेमच होती. दुधाच्या पावडरीचा डबा स्वतः आणायची, गुठळी राहू द्यायची नाही. सुनेने पेला परत केला तेव्हा तिने तो तिच्यासमोरच मोरीत ओतला होता.

नर्सबाईंनी महाराणीचे पाय कापडी झोळीत घातले आणि झोळी आढ्याला टांगलेल्या काट्याच्या आकड्यात अडकवली. पोरीने भोकाड पसरलं.

"मागच्या महिन्यात पाच किलो दोनशे," नर्सबाई वहीत बघत म्हणाल्या. "त्याच्या मागच्या महिन्यातही पाच किलो दोनशे." त्यांनी दांडीवरचं सरकतं वजन बरोबर तिथे आणून ठेवलं.

दांडीचं टोक वरच राहिलं.

"पुढे घ्या की," वुरी म्हणाली.

पाच किलो चारशे. टोक वरच. पाच किलो सहाशे. रांग मोडून बायका काट्याभोवती गोळा झाल्या. पाच किलो आठशे. टोक जरासं खाली आलं, डुगडुगलं, पुन्हा वर गेलं.

"श्वास सोडू नका गं कुणी!" मघाची पावशेरवाली बाईच आता सगळ्यांना दटावत होती.

पाच किलो नऊशे. दांडी सरळ झाली. अगदी आडवी.

ओसरीवर एकच कल्ला झाला. वुरीने दोन्ही हात तोंडावर धरले.

"थांबा!" म्बोक राकेम गर्दीतून पुढे घुसली. "झोळीत दुपटं राहिलंय." तिने आत हात घातला, चाचपलं, पोरीच्या मांडीलाच चिमटा बसला. महाराणीचं रडणं आणखी चढलं. "मोजे काढा. मोजेही जड असतात."

"म्बोक, मोजे सातशे ग्रॅमचे असतात का?" नर्सबाई हसल्या; पण त्यांनी मोजे काढले.

तोंडाकडे जाणारे ते उघडे हात म्बोकने मधेच धरले. तळहात उलटेसुलटे केले. बाह्या वर सारून कोपरांच्या लवणात पाहिलं, जिथे महिन्यापूर्वी ओलं, लाल मांस दिसायचं. कातडी खरखरीत होती, पण कोरडी होती. मिटलेली होती. म्बोक बराच वेळ तिथेच अंगठा फिरवत राहिली.

"ओकते तर अजूनही," ती शेवटी म्हणाली.

"ओकेल," नर्सबाई म्हणाल्या. "काही महिने ओकेल, मग थांबेल. पण आता घेते त्यातलं पुष्कळ ठेवते." त्यांनी वाढीच्या तक्त्यावर पिवळ्या पट्ट्यातून हिरव्यात जाणारी रेघ ओढली आणि पेन थांबवलं. "म्बोक, नाव बदलणार होतात ना तुम्ही? काय लिहू?"

वुरीने सासूकडे पाहिलं.

"आहे ते राहू दे," म्बोक राकेम म्हणाली. "पेलतंय तिला." मग सुनेकडे बोट रोखून, "पण घरात मी पाइनेमच म्हणणार. आधीच सांगून ठेवते."

"म्हणा की!" वुरी रडता रडता हसली. "खुशाल म्हणा!"

"बरं, उतरवा आता तिला," नर्सबाई म्हणाल्या. "केवढी रांग आहे मागे."

वुरी पुढे झाली. पण म्बोक राकेम दोन्ही हात पसरून झोळीपुढे उभी राहिली. मागे महाराणी पाय झाडत, गळा काढत हेलकावे खात होती.

"जरा लटकू द्या तिला," म्बोक म्हणाली. "बाजाराला गेलेल्या बायका अजून परतायच्यात."