चपलांची रांग

आमच्या जावा बेटावरच्या खेड्यात दवाखान्याला काचेचं दार बसलं. ते दिसायचंच नाही. पण चकचकीत लादी दिसली की आमची माणसं चपला बाहेर काढतात. त्या रांगेवरून दार कळायचं.

"ही काय मशीद आहे? उद्या तपासणी आहे. हा पसारा मागे ने!" दवाखान्याचे प्रमुख हेंदार्तो साहेब माझ्यावर खेकसले. मी झाडूवाली. चपला मागच्या दारी ठेवायला लागले.

सकाळी तुकिनेम आजी आली. मोकळी लादी बघून खूश झाली.

"अगं मुर्नी, आज गर्दीच नाही! पहिला नंबर माझा!" म्हणत तिने चपला काढल्या आणि तरातरा गेली ती थेट काचेवर.

काच फुटली, त्यातच आजी गेली. काच आठवड्यात नवी बसली, तशीच न दिसणारी.

 

दारासमोर आता एकच जोड असतो, आजीचा. तो मागे ने, असं साहेब म्हणत नाहीत.