पस्तीस मिनिटं

“तुम्ही माझ्या बायकोचा जीव घेतलात. पस्तीस मिनिटं ती लॅबच्या फरशीवर पडून होती. तेवढ्या वेळात तुम्ही काय करत होतात? उत्तर द्या.”

मास्तर उभ्यानेच बोलत होता. टेबलापलीकडे विद्यापीठाचे कुलसचिव, शेजारी टिपणं घेणाऱ्या बाई. अलीकडे मास्तरची मुलगी, आईची पर्स मांडीवर घट्ट धरून.

“सर, बसा ना. चौकशी चालू आहे.”

“चौकशी? फाटकाला कुलूप, किल्लीवाला जागेवर नाही, अ‍ॅम्ब्युलन्स बाहेर भोंगा वाजवत उभी. यात चौकशी कसली डोंबलाची?”

ते खरंच होतं. किल्लीवाला शेजारच्या इमारतीत गप्पा छाटत बसला होता. कुलसचिवांनाही ते ठाऊक होतं. पण खुर्चीला चार पाय असतात, जीभ नसते.

“डॉक्टर म्हणाले,” मुलगी बोलली, “मेंदूकडचं रक्त अडलं होतं. तासभर आधी आणलं असतं, तर आई चालत घरी आली असती.”

“तासभर?” कुलसचिवांनी मान वर केली. “आपण तर पस्तीस मिनिटं म्हणताय.”

“आई गेलीय माझी! तुम्ही काय भाजी तोलताय?”

बाईंनी तेही लिहून घेतलं.

मास्तर हे नाव बायकोनेच ठेवलेलं, विद्यापीठात शिकवायला लागण्याच्या कितीतरी आधी. त्याने पहिला खेळ पुठ्ठ्यावर आखला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिच्यापुढे मांडला. मग वही घेऊन तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर बसला. “काय रे, परीक्षेला बसवलंस का मला? मास्तर कुठला!” ती हसली. त्याने ‘हसली’ असं वहीत लिहिलं, वेळेसकट.

पुढे खेळ पुठ्ठ्यावरून पडद्यावर आले. नऊ माणसांची कंपनी झाली, मग नव्वदांची. भिंतीवर त्याने एकच नियम लावला होता: खेळणाऱ्याला मदत करायची नाही. तो अडकला, चिडला, रडला तरी तोंड उघडायचं नाही. बघायचं आणि लिहायचं. पेटीतला खेळ घरी नेल्यावर तुम्ही थोडेच त्याच्या मागे उभे असणार? एका जुन्या सहकाऱ्याने चाचणीत नुसतं “वर बघा” म्हटलं, तर मास्तरने दुपारी त्याला घरी पाठवला, तो कायमचाच. कंपनी विकल्यावर विद्यापीठाने त्याला बोलावलं ते याच नियमासाठी. दरवर्षी पहिल्या तासाला तो फळ्यावर दोन वाक्यं लिहायचा. मदत करू नका. खेळणारा कधीच चुकत नाही, चुकतो तो खेळ.

माणूस कडक, पण खोटा नाही, असं सगळे म्हणत. बायको जाऊन आठच दिवस झाले आणि त्याने मार्क भरले. एका विद्यार्थिनीला तिच्या खेळासाठी नापास केलं. ती दारात येऊन रडली.

“सर, डावीकडचं दार दिसत नाही म्हणून नापास? अकरा जणांना दिसलं!”

“एकाला दिसलं नाही ना? मग खेळ चुकला.”

“त्या एकाला दुसरं काही झालं असेल.”

“खेळणाऱ्याला नावं ठेवायची नाहीत,” एवढं बोलून त्याने दार लोटलं होतं.

आता त्याने पिशवीतून वही काढली आणि टेबलावर आपटली.

“पुरावा हवाय? मी मिनिट लिहिल्याशिवाय श्वास घेत नाही. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन कधी केला, ती आत कधी आली, सगळं यात आहे. वाच गं शेवटच्या दोन ओळी.”

मुलीने पान काढलं. “दहा सत्तावन्न, फोन केला. अकरा बत्तीस, अ‍ॅम्ब्युलन्स आत आली.”

“झाली की नाही पस्तीस? लिहा बाई.”

बाईंनी पेन थांबवलं. “सर, अर्धं पान दाखल होत नाही. वरपासून वाचावं लागेल.”

“वाच की,” मास्तर म्हणाला. “आपल्याला काय लपवायचंय?”

मुलगी वाचू लागली. आवाज खणखणीत होता.

“दहा दहा. बारावी चाचणी, खेळाडू घरचीच. दहा एकोणीस. डावीकडचं दार दिसत नाही, तिसऱ्यांदा भिंतीवर आदळली. मांडणी सदोष. दहा सव्वीस. डावा हात कीबोर्डवरून घसरतो. बटणांची जागा चुकीची.”

ती थांबली. कुलसचिवांनी हातातला पेला खाली ठेवला.

“पुढे वाच,” मास्तर म्हणाला.

“दहा तेहेतीस. ‘मास्तर, हात जड झालाय रे.’ उत्तर दिलं नाही.” तिने बोट ओळीवर टेकवलं. “दहा एक्केचाळीस. शब्द अडखळतात, तोंड वाकडं. खेळाडू कंटाळली. दहा अठ्ठेचाळीस. ‘अरे, बघ ना माझ्याकडे.’ मदत केली नाही. दहा छप्पन. खुर्चीवरून पडली.”

मास्तरने वहीसाठी हात पुढे केला. मुलीने वही मागे घेतली.

“दहा एकोणीस ते दहा छप्पन,” ती म्हणाली. “सदतीस मिनिटं, बाबा. तेवढ्या वेळात तुम्ही काय करत होतात? उत्तर द्या.”