चुकलं की बोलतो

आईनं पुन्हा चुकीचं टाइप केलं.

लेक खुर्चीमागे उभी राहून बघत होती. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क खरखरायला लागली म्हणून ती नवा घेऊन आली होती. जुन्यावरचं काय काय हलवायचं, असं विचारल्यावर आई म्हणाली होती, "बाकी काही नको. तेवढा खेळ घे."

खेळ जुना, पेट्या ढकलत ढकलत नेमक्या जागी नेऊन लावायचा. त्यातल्या पातळ्या मात्र लेकीच्या धाकट्या भावानं आईसाठी स्वतः रचलेल्या होत्या आणि त्या उघडायला त्यानं एक छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे साधा प्रोग्रॅम, लिहून दिली होती. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत 'खेळ' असं लिहायचं, पुढे पातळीचं नाव, की झालं.

पातळीचं नाव होतं 'गच्ची'. आईनं लिहिलं होतं 'गच्छी'.

लेकीनं ते दोनदा वाचून पाहिलं. आई कोर्टात टायपिस्ट होती. साक्षीदार बोलत असायचा, वकील ओरडत असायचे, आणि आईची बोटं मान वर न करता चालत असायची. तिच्या कागदावर खाडाखोड कुणी बघितली नव्हती. धाकटा वारल्यापासून ती एकटीच राहत होती आणि फोनवर तर सगळं ठीक आहे म्हणायची.

"आई, आज वार कुठला गं?"

"तू आलीयस म्हणजे रविवार. एरवी तुला कुठली सवड?"

"तसं नाही. अक्षरं कधीपासून चुकतायत तुझी?"

"इकडे ये. हे बघ."

लेक वाकली. चुकलेल्या नावाखाली एक ओळ उमटली होती: 'टायपिस्टबाई, पगार कापू का?'

आई हसली. समोर बसलेल्या माणसाला हसावं तशी.

"चुकलं की बोलतो तो," ती म्हणाली. "पहिल्यांदा खरंच चुकलं होतं हं. आता मुद्दाम चुकते. दर वेळी नवीन काहीतरी असतं. थांब, तुला अजून एक दाखवते."

तिनं 'गछी' लिहिलं. खाली आलं: 'आई, चष्मा डोक्यावर आहे. हात लावून बघ.'

चष्मा नाकावर होता. तरी आईचा हात डोक्याकडे गेला.

लेकीनं खेळ नव्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. उघडून पाहिला, तर उघडेना. स्क्रिप्टच्या आत खेळाची जुन्या कॉम्प्युटरवरची जागा लिहिलेली होती, ती बदलायला हवी होती.

"आई, स्क्रिप्ट उघडावी लागेल."

"उघडावी म्हणजे? त्यानं लिहिलेलं सगळं दिसेल?"

"दिसेल ना. साधं लिहिलेलंच असतं ते."

आईनं खुर्ची मागे घेतली. मग म्हणाली, "न उघडता नाहीच होणार?"

"नाही गं."

"मग मी तिकडे तोंड करून बसते. आणि मोठ्यानं वाचू नकोस, तुला ती खोड आहे."

तिनं खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे बघत बसली.

लेकीनं फाइल उघडली. वरच जागेची ओळ होती. ती बदलली की काम संपलं होतं. तरी तिनं पान खाली सरकवलं.

'करंगळी झोपली वाटतं.' 'अशी पातळी नाही. तुम्ही आहात हे नशीब.' 'जेवलीस का? आधी जेव, मग चूक.' एकाखाली एक ओळी होत्या. प्रत्येक चुकीला पुढची ओळ दाखवायची, अशी त्याची साधी रचना होती. ती वाचत खाली गेली. पगार कापायची ओळ आली. तिच्याखाली चष्म्याची. चष्म्याच्या खाली काही नव्हतं. ओळी संपल्यावर काय करायचं, तेही त्यानं लिहून ठेवलं होतं. नुसतं 'पातळी सापडली नाही' एवढंच दाखवायचं.

तिनं पुन्हा वरून खाली पाहिलं. एवढ्या चुका आईच्या हातून आयुष्यात होणार नाहीत, असंच धरून चालला असेल तो.

"आहेत ना गं अजून?" आईनं खिडकीकडे बघतच विचारलं. "किती ते नको सांगूस. आहेत का तेवढंच सांग."

लेकीनं चष्म्याच्या ओळीखाली एक नवी ओळ सुरू केली. 'आई,' असं लिहिलं. पुढे तिला काही सुचेना. जे सुचत होतं ते तिचंच होतं, त्याचं नव्हतं. तिनं ते स्वल्पविरामासकट खोडलं आणि फाइल बंद केली.

"आहेत," ती म्हणाली. खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून पुढे म्हणाली, "पण थोड्याच आहेत."

आईनं खुर्ची वळवली. चेहरा एकदम कामाला लागल्यासारखा झाला होता.

"थोड्याच ना? बरं झालं सांगितलंस. मी आपली उधळत बसले होते." ती नव्या कीबोर्डपाशी सरकून बसली. "आता जपून चुकायला हवं."

"आई..."

"थांब, बोलू नकोस. चुकेल."

तिनं एकेक अक्षर बघून दाबलं. 'गच्ची' लिहून झाल्यावर परत एकदा वाचून पाहिलं, आणि मगच एंटर केलं.

खेळ निमूट उघडला.