तीस पावलांवरचं मडकं

मजुरानं पहार दगडाखाली घातली, तशी पार्वती दगडाला पाठ लावून खाली बसली.

"उठा बाई," साहेब म्हणाले. "हे अतिक्रमण आहे. काढायचा हुकूम आहे."

साहेब रस्ते खात्यातले, वयानं कोवळे आणि स्वभावानं काही वाईट नव्हते. पण हुकूम तो हुकूम. शेंदूर फासलेला तो गुडघाभर दगड राहनाळच्या वळणावर तीन महिन्यांपूर्वी प्रकट झाला होता. प्रकट कसला, पार्वतीनंच ओढ्यातून आणून बसवला होता आणि अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं. गोदामांकडे सुसाट जाणारे टेम्पोवाले शाळेची पोरं बघून कधी ब्रेकला पाय लावत नसत. देव दिसला की मात्र सगळे भाविक! गाडी हळू करायचे, हात जोडायचे, मग पुढे जायचे. तीन महिन्यांत त्या वळणावर साधं कोंबडंसुद्धा चिरडलं नव्हतं.

त्याआधी तीन वर्षं पार्वतीनं गतिरोधकासाठी अर्ज केले. भिवंडीच्या कचेरीनं तिला या टेबलावरून त्या टेबलावर नाचवलं. दुसरीतली रोशनी याच वळणावर टेम्पोखाली गेली, त्या दिवसापासून बाईच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता. ती नळावर आली की बायका आवाज खाली करायच्या. तिचा दीर दाजी समजावून थकला, की झालं ते झालं, आता पोर थोडीच परत येणार आहे? पार्वती मात्र दर सोमवारी नवा अर्ज घेऊन कचेरीत हजर. हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसानं! पण शाळा उघडायला पंधरा दिवस उरले होते, आणि दगड गेला की ट्रक पुन्हा मोकाट सुटणार होते.

"आईचं दुःख कळतं मला," साहेब जरा मऊ होऊन म्हणाले.

"आई हायच मी, साहेब." पार्वतीनं पदर सारखा केला. "दगड न्या खुशाल. पन आदी तुमची जीप मला दोनदा पलवून दाखवा."

साहेबांचा ड्रायव्हर महादू बोनेटला टेकून तंबाखू मळत होता. वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हे तो कुणी न विचारता चारचौघांना सांगून बसला होता. हात तयार असेल तर वेगानं काही बिघडत नाही, असं त्याचं ठाम मत. पार्वतीला असाच माणूस हवा होता.

तिनं चुन्याची फक्की रस्त्यावर आडवी मारली आणि तिथून तीस पावलं मोजली. दौलत किराणावाल्यानं दोन्हीकडची वाहनं अडवली. तेवढ्यात मंगळी पुढे आली. पाड्यावर राहणारी, गोदामात झाडलोट करणारी बाई, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पाण्यानं भरलेलं मडकं तिनं तिसाव्या पावलावर ठेवलं. ठेवून ती तिथंच उभी राहिली, दौलतनं हाक मारल्यावर बाजूला झाली.

पार्वतीनं महादूला बजावलं, रेघेवर चाक आलं की ब्रेक. पहिल्यांदा तीसच्या वेगानं यायचं, मग साठच्या.

तीसनं आलेली जीप मडक्याच्या बरीच अलीकडे थांबली. महादू मिशीतल्या मिशीत हसला. साहेबांनी स्वतः मोजलं. सतरा पावलं.

मग तो लांबून साठनं आला. रेघेवर त्यानं अक्षरशः उभं राहून ब्रेक दाबला. टायर किंचाळले, रबराचा वास सुटला, मडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या, आणि तरीही जीप घसरत पुढे गेलीच. साहेब पावलं मोजत गेले ते जीपपाशी पोचेपर्यंत. त्रेपन्न.

"वेग दुप्पट," ते स्वतःशीच पुटपुटले, "आणि रस्ता तिपटीनं."

"त्या दिवशी टेम्पोचा काटा साठवर व्हता," पार्वती म्हणाली. "आन् पोर तीस पावलांवर."

महादू खाली उतरला आणि कुणी सांगायच्या आत खापऱ्या वेचायला लागला. साहेबांनी मजुराला पहार बाजूला ठेवायला सांगितली. गतिरोधक होईपर्यंत देवाची ड्युटी चालू राहू दे, म्हणाले. जिंकली की हो बाई!

बाराव्या दिवशी गतिरोधक तयार झाला. गावानं बँजो लावला. पहिला ट्रक मुकाट्यानं हळू झाला, धप्पकन चढला, उतरला, आणि पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दाजीनं भर रस्त्यात वहिनीच्या पायाला हात लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा पार्वती पोटभर जेवली.

गुरुवारी ती एसटीनं ठाण्याला गेली. तुरुंगाच्या दारात नंबर लागेपर्यंत दुपार झाली. जाळीच्या पलीकडे कुणाल येऊन उभा राहिला, तिचा एकुलता एक. तिनं त्याला सगळं सांगितलं, सतरा पावलं आणि त्रेपन्न पावलंसुद्धा.

कुणालनं दोन्ही आकडे पुन्हा विचारून घेतले.

"म्हंजे तीसनं असतो, तर थांबलो असतो मी," तो म्हणाला.

"हां."

"मंगळीमावशी आलेली?"

"आलेली. नारळ तिनंच फोडला," पार्वती म्हणाली. "खोबऱ्याचा पयला तुकडा माज्या हातावर ठेवला आन् म्हनली, तुज्या कुणालला दे. सांग, रोशनीच्या आईनं धाडलाय."