येते म्हणावं

कारखान्यातलं प्रत्येक लढाऊ ड्रोन ते जोडणाऱ्या बाईच्याच आवाजाचं ऐकायचं. चाचणीला इंदुमतीबाईंनी आपलं ड्रोन हातातून सोडलं आणि सवयीने म्हणाल्या, "ये हं."

ते वळून पुन्हा त्यांच्या तळहातावर येऊन बसलं.

"अहो बाई, 'जा' म्हणायचं!" सुपरवायझर कावली. "तिसरी वेळ ही!"

"निघणाऱ्याला 'जा' कसं म्हणू?"

"यंत्र आहे ते."

इंदुमतीबाईंची लेक वृंदा घाईघाईत "जाते गं" म्हणून आघाडीवर गेली होती. "येते म्हणावं," असं त्या ओरडेपर्यंत गाडी सुटली. सहा महिने तिची खबर नव्हती.

त्यांनी डोळे मिटून "जा" म्हटलं. ड्रोन आभाळात ठिपका झालं. मग सीमेच्या दिशेला बघत त्या पुटपुटल्या, "ये गं."

गळ्यातला माइक चालूच होता. ड्रोन तेवढं परत आलं.