मोकळा केलेला तुकडा

दुपारी दवाखान्यात ताईच्या खाटेशेजारी बसून धाकटी लॅपटॉपवर काम करत होती. अपघातानंतर ताई शुद्धीवर आली नव्हती आणि तिने सी भाषेत लिहायला घेतलेला प्रोग्राम अर्धवट राहिला होता; तोच आता धाकटी पुरा करत होती. संगणकाच्या मेमरीतले कुठले तुकडे भरलेले आणि कुठले मोकळे, हे तो बंद होताना जपून ठेवायचा आणि सुरू झाला की सगळं जसंच्या तसं मांडायचा.

आज एक तुकडा जास्तीचा निघाला. प्रोग्रामने तो मागितलाच नव्हता, तरी भरलेला होता. आत एकच शब्द होता : ‘पाणी’.

“चाचणीसाठी हाच शब्द सुचला होय गं तुला?” धाकटी ताईकडे बघून पुटपुटली. तिने तुकडा मोकळा केला, स्थिती जपली आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला.

तुकडा परत भरलेला होता. ‘पाणी दे गं.’

घाईघाईने तिने तो पुसला.

‘कितीदा पुसशील, चिमणे?’

तिला चिमणी म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

तिने कापूस भिजवला आणि ताईच्या कोरड्या ओठांना लावला.

ताईने तो ओठांत घट्ट धरला.